सबस्टन्स थ्रीडी पेंटर: सागवानी आरामखुर्चीच्या कसोटीवर

गेममधल्या लाकडी फर्निचरसाठी सबस्टन्स थ्रीडी पेंटर, म्हणजे त्रिमितीय मॉडेलवर रंग आणि पोत चढवायचं सॉफ्टवेअर, घ्यावं का? घ्यावं. पण ते लाकडाला आपोआप लाकूड करून देईल या भरवशावर नको. लोखंडी पिंप, यंत्राचा सांगाडा, जुनी बंदूक अशा वस्तूंवर तयार स्मार्ट मटेरियल (आकाराप्रमाणे झीज-मळ स्वतः बसवणारा रंग-पोताचा संच) नुसतं ओढून टाकलं तरी बऱ्यापैकी काम दिसतं, आणि जाहिरातीतली बहुतेक उदाहरणं त्याच जातीची असतात. लाकडी खुर्चीवर तेच केलं तर प्लास्टिकवर लाकडी छापाचा कागद डकवल्यासारखं दिसतं. पेंटरला वस्तूचा आकार कळतो, कोपरा कुठे आहे आणि खाच कुठे आहे हे कळतं. सुतारकाम त्याला कळत नाही. ते आपणच मेशमधून (मॉडेलच्या त्रिकोणी जाळीतून) आणि यूव्हीमधून (ती जाळी सपाट उलगडून केलेल्या नकाशातून) त्याला पुरवावं लागतं.

कसोटीसाठी वस्तू मुद्दाम अवघड निवडली आहे: कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या ओसरीवर दिसते ती लांब हातांची, वेताने विणलेली सागवानी आरामखुर्ची. हातांच्या खाली पाय टाकायला दोन पट्ट्या असतात, त्या बाहेर फिरवता येतात. सरळ पट्ट्या, वळणदार हात, लेथवर काढलेले पुढचे पाय, पितळी स्क्रू, विणलेली जाळी आणि हलणारा भाग, इतकं सगळं एकाच वस्तूत येतं. साखळी अशी धरली आहे: मॉडेल ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) पेंटरमध्ये, शेवट अनरिअल या गेम इंजिनमध्ये. युनिटी या दुसऱ्या इंजिनात जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पेंटर २०१४ मध्ये फ्रान्समधल्या अलेगोरिदमिक कंपनीने आणलं, २०१९ च्या जानेवारीत अडोबीने ती कंपनी घेतली, आणि नावातलं ‘थ्रीडी’ २०२१ मध्ये आलं. जुन्या ट्यूटोरियलमध्ये ते नुसतं ‘सबस्टन्स पेंटर’ म्हणून सापडतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं आजही लागू पडतं.

आधी हिशेब

खुर्ची साधारण ९५ सेंटिमीटर उंच, ७० सेंटिमीटर रुंद, हात ११० सेंटिमीटर लांब धरा. फर्स्ट पर्सन गेममध्ये (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) खेळणारा तिच्या अगदी जवळ जाऊ शकतो, तेव्हा मीटरला १०२४ पिक्सेल ही टेक्सेल डेन्सिटी हवी. थर्ड पर्सनला (पात्र बाहेरून दिसतं तिथे) निम्मी चालते. १०२४ ने एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर, आणि पुढचे बरेच निर्णय या एका आकड्यावर ठरतात.

पहिला निर्णय टेक्स्चरच्या आकाराचा. लाकडी भागांचं एकूण क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आसपास येतं. २०४८ च्या एका टेक्स्चरमध्ये या डेन्सिटीने चार चौरस मीटर मावतात, आणि आयलंडांमधल्या (यूव्हीतल्या सुट्या तुकड्यांमधल्या) मोकळ्या जागा वजा केल्या तरी तीनएक उरतात. म्हणजे सगळं लाकूड एका २०४८ मध्ये आरामात बसतं. ४०९६ घेण्याचं काही कारण नाही. दोन्ही हात आणि मागचे दोन पाय एकावर एक ठेवले तर जागा आणखी सुटते, पण त्याची किंमत काय ते लाकडाच्या भागात येईल.

दुसरा निर्णय बेव्हलचा, म्हणजे धार गोल करण्याचा. खऱ्या खुर्चीची धार जेमतेम एक मिलिमीटर गोल असते. हाय-पॉलीमध्ये (बारीक तपशिलांच्या जड मॉडेलमध्ये) तेवढीच ठेवली तर नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा आभास देणाऱ्या चित्रात) तिला एकच पिक्सेल मिळतो आणि ती दिसतच नाही. तीन ते चार मिलिमीटरचं बेव्हल द्या. ब्लेंडरमध्ये जवळून पाहताना ते जाड वाटेल, गेममध्ये मात्र बरोबर दिसेल.

त्रिकोणांचं बजेट सात ते नऊ हजार. ते बाह्यरेषेवर खर्च करावं: लेथवरच्या पायांना १६ बाजू, हातांच्या पुढच्या गोलाईला पुरेसे तुकडे, पाठीच्या कलाला चार-पाच आडव्या कडा. स्क्रूवर एकही त्रिकोण घालू नये. जिथे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसतं, तिथे दोन वेगळे तुकडे एकमेकांत घुसवलेले ठेवावेत. सलग मेश करायच्या नादात त्रिकोण वाढतात, शिवाय सांध्याची बारीक काळी फट हरवते. लाकडाच्या खुर्चीत ती फट दिसलीच पाहिजे.

बेकिंग: इथे पेंटर चांगलं आहे, सर्वोत्तम नाही

बेकिंग म्हणजे हाय-पॉलीचे तपशील किरण सोडून हलक्या लो-पॉली मॉडेलच्या टेक्स्चरमध्ये उतरवणं. पेंटरमधला ‘नावाप्रमाणे जोडी’ लावायचा पर्याय सुरू केल्याशिवाय या खुर्चीचं बेकिंग करूच नये. प्रत्येक तुकड्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर लावून एका मेशमध्ये ‘लो’ आणि दुसऱ्यात ‘हाय’ लिहायचं, आधीचं नाव दोन्हीकडे अक्षरशः तेच ठेवायचं. मग खुर्चीच्या डाव्या हाताचा किरण खालच्या पट्टीवर जाऊन आदळत नाही. हे न करता ढोबळपणे बेक केलं की हाताच्या खालच्या बाजूला पट्टीचा आकार उमटतो, आणि तो नंतर रंगवून जात नाही.

किरणांचं पुढचं आणि मागचं अंतर मूळचं ०.०१ असतं आणि ते पूर्ण वस्तूच्या आकाराच्या प्रमाणात धरलं जातं. एवढ्या लांब खुर्चीत ते एक-दीड सेंटिमीटर होतं. आपलं बेव्हल तीन-चार मिलिमीटरचं, तेव्हा ०.००५ पुरतं. कडांवर काळे किंवा रिकामे ठिपके दिसले तर अंतर कमी पडतंय. शेजारचा आकार उमटला तर ते जास्त झालंय.

हलणाऱ्या भागाची खबरदारी वेगळी. अँबियंट ऑक्लूजनच्या (खाचाकोपऱ्यांतल्या मंद सावलीच्या मॅपच्या) बेकरमध्ये सेल्फ ऑक्लूजनचा पर्याय असतो. तो ‘फक्त त्याच नावाच्या मेशवर’ असा ठेवा. नाहीतर पाय टाकायची पट्टी हाताखाली मिटलेली असताना जी सावली पडते ती टेक्स्चरमध्ये कायमची बसते, आणि पट्टी बाहेर फिरवली की हातावर अंधाराचा एक पट्टा उघडा पडतो. बाकीच्या सांध्यांना मात्र शेजाऱ्याची सावली हवी असते. मग दोनदा बेक करायचं, एकदा एकमेकांच्या सावलीसह आणि एकदा स्वतंत्र, आणि पट्टी व हात यांच्यापुरता दुसरा मॅप वापरायचा. पेंटरमध्ये हे एका बटणात होत नाही. दुसरा मॅप प्रतिमा म्हणून आत आणून मास्कने, म्हणजे ठरावीक भागापुरता, बसवावा लागतो. एका टेक्स्चर सेटमधल्या वेगवेगळ्या तुकड्यांना वेगळी ऑक्लूजनची मांडणी देता यायला हवी होती, ही उणीव खरी आहे.

दुसरी उणीव तिरक्या उमटणाऱ्या तपशिलांची. लांब सपाट पट्टीच्या टोकाशी लो-पॉलीचे नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या दिशा) सरासरीने वळलेले असतात, त्यामुळे तिथली खाच किंवा कोरीव रेघ तिरकी बेक होते. मार्मोसेट टूलबॅग या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा तिरपेपणा ब्रशने रंगवून जागच्या जागी सरळ करता येतो. पेंटरमध्ये तशी सोय नाही. इथे लो-पॉलीतच टोकापासून सेंटिमीटरभर आत एक आधाराची कड घालावी लागते. दहा-बारा पट्ट्यांना मिळून दीड-दोनशे त्रिकोण वाढतात, ते परवडतात. पण ज्यांचं रोजचं काम फक्त बेकिंग आहे त्यांनी टूलबॅग जरूर पाहावं. त्या एका बाबतीत ते पुढे आहे.

पेंटरकडे जाण्याआधी ब्लेंडरमध्ये तीन गोष्टी पक्क्या करा. जिथे कड हार्ड (छटेने टोकदार दिसणारी) आहे तिथे यूव्हीत सीम (उलगडतानाचा काप) असलाच पाहिजे; नसेल तर तिथे उजळ रेघ उमटते. स्केल अप्लाय केलेला (बदललेलं मोजमाप पक्कं केलेलं) हवा. आणि निर्यातीआधी मेश ट्रँग्युलेट केलेली (त्रिकोणांत तोडलेली) हवी, कारण चौकोनाचा कर्ण ब्लेंडरने एका दिशेने आणि इंजिनने दुसऱ्या दिशेने काढला की सपाट पृष्ठभागावर पुसट फुली दिसते. ब्लेंडर ४.१ पासून ऑटो स्मूद (कोणती कड गुळगुळीत, कोणती टोकदार हे कोनावरून ठरवणारा पर्याय) मेशच्या गुणधर्मांत नाही, ते मॉडिफायर (मेशवर वरून लावायचा बदल) झालं आहे. जुन्या ट्यूटोरियलप्रमाणे शोधून सापडणार नाही. इंजिनसाठी एफबीएक्स फाइल काढताना मॉडिफायर अप्लाय होतोय ना ते पाहा.

अनरिअलसाठी प्रकल्प उघडतानाच नॉर्मल मॅपचं स्वरूप डायरेक्टएक्स निवडा आणि टँजंट स्पेस दर पिक्सेलला मोजण्याचा पर्याय चालू ठेवा. युनिटी आणि ब्लेंडर ओपनजीएल मागतात. उलटसुलट झालं तर हिरवा चॅनेल उलटा पडतो आणि कोरलेली खाच फुगीर दिसते.

लाकूड: सगळा कस इथे लागतो

पेंटरमध्ये लाकडाची तयार मटेरियल बरीच आहेत आणि त्यांचा दर्जा चांगला आहे. अडचण ती बसवण्यात आहे. फिल लेयर (वस्तूभर पसरणारा थर) टाकला की बहुतेक जण ट्राय-प्लॅनर प्रोजेक्शन (तिन्ही अक्षांवरून चित्र टाकणं) निवडतात, कारण त्यात सीम दिसत नाहीत. दगडाला, मातीला, गंजलेल्या पत्र्याला ते उत्तमच. खुर्चीत मात्र ते चुकतं, आणि तीन ठिकाणी चुकतं. लाकडाच्या रेषा तुकड्याच्या लांबीऐवजी या तीन सरळ अक्षांप्रमाणे धावतात, त्यामुळे कललेल्या पाठीच्या उभ्या पट्टीवर त्या तिरक्या कापल्या जातात. आडव्या पट्टीवर रेषा लांबीला आडव्या येतात, आणि तशी पट्टी कुठलाही सुतार काढणार नाही, माणूस बसताक्षणी ती तुटेल. पट्टीच्या कापलेल्या टोकावर वर्तुळाकार कडी दिसायला हव्यात, तिथेही लांब रेषाच दिसतात.

उपाय यूव्हीत आहे. प्रत्येक तुकड्याचं आयलंड असं फिरवा की तुकड्याची लांबी यूव्हीत उभी येईल. सगळे तुकडे एकाच दिशेने. मग साधं यूव्ही प्रोजेक्शन निवडलं की एका फिल लेयरमध्ये सगळ्या खुर्चीच्या रेषा बरोबर बसतात. आयलंडं आडवी-उभी कशीही भरून जागा वाचवायचा मोह आवरा. दहा टक्के जागा वाया गेली तरी चालेल. पेंटरचं स्वतःचं ऑटो अनरॅप या कामाला अजिबात वापरू नये, कारण त्याला दिशेशी देणंघेणं नाही.

वळणदार हाताचं काय? इथे अनुभवी कलाकारही फसतात. हाताची वळणदार पट्टी यूव्हीत सरळ करायची आणि रेषा वळणाबरोबर वळवायच्या, ही सवय असते. दिसायला ते सुंदर असतं, पण ते वाफेवर वाकवलेल्या लाकडाचं चित्र आहे. अशा खुर्चीचा हात जाड सरळ फळीतून वळणाच्या आकारात कापून काढतात. रेषा सरळच राहतात आणि वळणाच्या जागी त्या कडेला जाऊन कापल्या जातात. तिथे लांबट निमुळते ठिपके दिसतात, होडीच्या आकाराचे. म्हणून हाताचं वरचं आयलंड सरळ करायचं नाही. वरून सपाट प्रोजेक्ट करून, आहे त्या वळणासकट ठेवायचं. वाकवलेल्या लाकडाच्या किंवा वेताच्या काठीच्या खुर्चीला मात्र सरळ केलेलं आयलंडच बरोबर. कोणता भाग कसा घडवला हे माहीत असल्याखेरीज यूव्ही उलगडूच नये.

कापलेल्या टोकांसाठी ब्लेंडरमध्येच त्या फेसेसना वेगळा रंग द्या आणि तो आयडी मॅपमध्ये (रंगांनी भाग ओळखायच्या चित्रात) बेक करा. पेंटरमध्ये रंग निवडून मास्क एका क्लिकमध्ये मिळतो, आणि ही सोय खरोखर छान आहे. टोकाचं लाकूड बाजूपेक्षा गडद ठेवा, कारण तिथे पॉलिश जास्त शोषलं जातं.

पुढचा प्रश्न सारखेपणाचा. सगळ्या खुर्चीवर एकच रंग आणि एकच पोत असला की ती साच्यातून काढल्यासारखी वाटते. खऱ्या खुर्चीचे तुकडे वेगवेगळ्या फळ्यांतून येतात. आयडी मॅपमधून तुकड्यांचे चार-पाच गट करा आणि प्रत्येक गटाला रंगाची छटा किंचित वेगळी द्या. उजेडाचा फरक पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर खुर्ची भंगारातून जोडल्यासारखी दिसेल. एकावर एक ठेवलेल्या आयलंडांची किंमत इथे भरावी लागते: डाव्या हातावरची गाठ उजव्या हातावरही त्याच जागी येते. म्हणून त्या भागासाठी गाठी नसलेलं, सरळ रेषांचं मटेरियल घ्या. एकावर एक आलेल्या जोडीतलं एक आयलंड बेकिंगआधी यूव्हीत बरोबर एक एकक (टेक्स्चरच्या पूर्ण रुंदीइतकं) बाजूला सरकवा, म्हणजे बेक दोनदा एकाच जागी पडत नाही. ‘साधारण एक’ चालत नाही, नेमकं एक हवं.

रंगाचा आकडा सुरुवातीला हा ठेवून पाहा: लाल १२०, हिरवा ७८, निळा ४५. जुनं पॉलिश केलेलं सागवान याच्या आसपास सुरू करता येतं. नंतर गडद करायचं असेल तरी कुठलाही चॅनेल अगदी काळ्याजवळ नेऊ नका. पेंटरमध्ये पीबीआर व्हॅलिडेट नावाचा, रंग खऱ्या पदार्थाच्या मर्यादेत आहेत का ते दाखवणारा फिल्टर आहे. तो सगळ्यांत वरच्या लेयरवर टाकून एकदा तपासा आणि काढून टाका.

झीज आणि चकाकी

लाकडाच्या बहुतेक स्मार्ट मटेरियलमध्ये कर्व्हेचर (धारा-खाचा दाखवणारा मॅप) वापरून धारा उजळ केलेल्या असतात. ते लेयर बंद करा. ही कल्पना रंगवलेल्या लोखंडावरून आली आहे, जिथे रंग उडून खालचा धातू चमकतो. रोज हाताळल्या जाणाऱ्या पॉलिशच्या खुर्चीत उलट होतं. जिथे तळहात टेकतो तिथे तेल आणि मळ बसून लाकूड गडद आणि गुळगुळीत होतं. पॉलिश खरवडून उजळ लाकूड उघडं पडतं ते फक्त पायांच्या तळाशी, जिथे खुर्ची फरशीवर ओढली जाते, आणि पाय टाकायच्या पट्ट्यांच्या टोकांना.

बघणाऱ्याला रंगापेक्षा रफनेसमधून (० म्हणजे आरशासारखं चकचकीत, १ म्हणजे अगदी मंद) जास्त कळतं. एकूण पॉलिशला ०.४५ ठेवा. हातांच्या पुढच्या टोकांना आणि वरच्या बाजूला ०.२८ ते ०.३० पर्यंत उतरवा, ब्रशने आणि हाताने, जनरेटरने (आपोआप मास्क बनवणाऱ्या साधनाने) नाही. माणूस कुठे हात ठेवतो हे जनरेटरला माहीत नसतं. सीटच्या चौकटीची खालची बाजू सहसा पॉलिश करत नाहीत, तिथे ०.७५ ते ०.८०. खुर्ची उलटी पडू शकत असेल तर हा फरक लगेच नजरेत भरतो. मेटॅलिक (धातूपणा) सगळ्या लाकडाला शून्य, स्क्रूला एक. मधलं काही नाही.

धुळीसाठी डर्ट जनरेटर थेट लावला तर तो अँबियंट ऑक्लूजन पाहून सगळ्या खाचांत, अगदी खाली तोंड असलेल्या खाचांतही धूळ भरतो. धूळ वरून बसते. मास्क एडिटर घेऊन त्यात वर्ल्ड स्पेस नॉर्मलची वरची दिशा चालू करा, ऑक्लूजनशी गुणा, आणि जिथे पुसायचं फडकं सहज पोचतं तिथली धूळ ब्रशने काढा. वापरातल्या घरात ती उरते फक्त सांध्यांच्या कोपऱ्यात आणि पाठीच्या खालच्या पट्टीवर.

पितळी स्क्रूसाठी पेंटर मन जिंकतं. हार्ड सरफेसच्या तयार ठशांतून स्क्रू निवडा, तो एक सरळ खाच असलेला. फुलीचा स्क्रू जुन्या खुर्चीत शोभत नाही. नॉर्मल चॅनेलमध्ये ठसा मारा, त्या लेयरवर अँकर पॉइंट (इतर लेयरना वापरता येणारी खूण) ठेवा आणि वरच्या घाणीच्या जनरेटरमध्ये मायक्रो नॉर्मल म्हणून तोच अँकर द्या. मग स्क्रूच्या खाचेत आणि भोवती मळ आपोआप बसतो, आणि स्क्रू सरकवला की मळही सरकतो. ही सोय इतक्या सहजपणे दुसरीकडे क्वचितच मिळते. सगळ्या स्क्रूंच्या खाचा वेगवेगळ्या कोनांत फिरवायला विसरू नका.

वेत: पेंटरचं काम नाही, तरी लोक करतात

हाताने विणलेल्या वेताच्या नेहमीच्या नक्षीत दोन उभे, दोन आडवे आणि दोन तिरपे पट्टे असतात, आणि भोकांमधलं अंतर साधारण साडेबारा मिलिमीटर असतं. पट्टी अडीच मिलिमीटर. लाकडाच्याच टेक्स्चरमध्ये वेत घातला तर पट्टीला अडीच पिक्सेल मिळतात, आणि त्यात विणकाम दिसणं अशक्य. मग लोक संपूर्ण खुर्चीला ४०९६ चं टेक्स्चर देतात आणि तरीही पाच पिक्सेलांवर अडकतात.

योग्य मार्ग म्हणजे वेताला स्वतंत्र, पुन्हापुन्हा लावता येणारं मटेरियल. ५१२ च्या टेक्स्चरमध्ये एका रांगेत आठ घरं (नक्षीचे चौकोन), म्हणजे दहा सेंटिमीटर. आता पट्टीला तेरा पिक्सेलांच्या आसपास मिळतात आणि प्रत्येक पट्टी कुठे वर, कुठे खाली जाते हे स्पष्ट दिसतं. ब्लेंडरमध्ये एका घराचं विणकाम खऱ्या पट्ट्यांनी मॉडेल करा, ॲरे मॉडिफायरने आठ बाय आठ पसरवा, कडेबाहेर एकेक घर जास्त ठेवा म्हणजे जोड दिसणार नाही, आणि वरून ऑर्थोग्राफिक (दूर-जवळचा फरक न दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याने उंची, नॉर्मल आणि पारदर्शकतेचा मास्क काढा. हे पेंटरमध्ये करता येत नाही असं नाही, पण टाइल होणाऱ्या टेक्स्चरसाठी ते बनलेलं नाही. त्यासाठी त्याचंच भावंड डिझायनर आहे, किंवा फुकट मिळणारं मटेरियल मेकर.

सीटची मेश सपाट ठेवू नका. सहा बाय आठच्या जाळीने मध्यभागी दोन-तीन सेंटिमीटर झोळ द्या. माणसाच्या वजनाने वेत सैल होतोच. वेत मधोमध थोडा गडद आणि चौकटीजवळ फिकट ठेवा. पण टाइल टेक्स्चरमध्ये अशी जागा ठरवता येत नाही, म्हणून हा फरक व्हर्टेक्स कलरने (मेशच्या बिंदूंवर दिलेल्या रंगाने) द्यायचा.

पेंटरमध्ये नुसतं पाहायचं असेल तर आल्फा टेस्टचा (भोकं आरपार दाखवणारा) शेडर निवडून टेक्स्चर सेटमध्ये ओपॅसिटी (अपारदर्शकता) चॅनेल जोडावा लागतो. तो न जोडता ‘भोकं दिसत नाहीत’ म्हणून तक्रार करणारे खूप सापडतात.

खरी मेख इंजिनमध्ये लागते. या नक्षीत पट्ट्या सत्तर टक्क्यांच्या आसपास जागा व्यापतात. लांबून पाहताना इंजिन लहान मिपमॅप (टेक्स्चरची लहान केलेली प्रत) घेतं, त्यात आल्फाची (त्याच अपारदर्शकतेची) सरासरी सगळीकडे ०.७ च्या जवळ जाते. अनरिअलमध्ये ओपॅसिटी मास्कची मूळ मर्यादा ०.३३ असते. म्हणजे दूरवर प्रत्येक पिक्सेल मर्यादेच्या वर, आणि जाळीची फळी होते. जवळ गेलं की भोकं टपकन उघडतात. युनिटीत टेक्स्चरच्या मिपमॅप सेटिंगमध्ये कव्हरेज राखण्याचा पर्याय आहे. अनरिअलमध्ये टेक्स्चरच्या सेटिंगमध्ये आल्फा कव्हरेजची मर्यादा द्यावी लागते. ती मटेरियलच्या मर्यादेइतकीच ठेवा. दूरच्या एलओडीमध्ये (लांबून पाहण्यापुरत्या हलक्या मॉडेलमध्ये) तर जाळी काढून सरळ अपारदर्शक पृष्ठभाग ठेवावा, रंग थोडा गडद करून. पारदर्शक मास्कचा खर्च वाचतो आणि झगमगाटही थांबतो. सावलीसाठीही तीच युक्ती चालते, फक्त जवळच्या एलओडीत खरी जाळीची सावली ठेवा, कारण ओसरीतल्या उन्हात वेताची सावली फरशीवर पडणं हाच या वस्तूचा सगळ्यांत देखणा भाग आहे.

निर्यात, मशीन, पैसे

अनरिअलच्या पॅक्ड टेम्प्लेटमध्ये ऑक्लूजन, रफनेस आणि मेटॅलिक हे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये एकत्र येतात. इंजिनमध्ये त्या टेक्स्चरचं एसआरजीबी (रंगीत चित्रांसाठीचं रूपांतर) बंद करा, नाहीतर रफनेसचे आकडे सरकतात आणि खुर्ची ओली असल्यासारखी चकाकते. युनिटीच्या एचडीआरपी या रेंडरिंगच्या पद्धतीत रचना निराळी आहे: मेटॅलिक लालमध्ये, ऑक्लूजन हिरव्यात, आणि रफनेसऐवजी त्याच्या उलट स्मूदनेस आल्फामध्ये. हाताने उलटं करत बसू नका, पेंटरचं तयार टेम्प्लेट बिनचूक आहे. आयलंडांभोवतीचं पॅडिंग (कडेबाहेर पसरवलेला रंग) २०४८ ला किमान १६ पिक्सेल ठेवा.

काम १०२४ वर करून शेवटी २०४८ वर निर्यात करता येतं, कारण पेंटर ब्रशचे फटकारे नव्या आकारात पुन्हा मोजतं. कमी ताकदीच्या लॅपटॉपवर ही मोठी सोय आहे. फक्त ब्लरसारखे फिल्टर मोठ्या आकारात थोडे वेगळे दिसतात, तेव्हा निर्यातीआधी एकदा पूर्ण आकारात नजर टाकावी. ग्राफिक्स कार्डला आठ जीबी मेमरी असेल तर ही खुर्ची निवांत होते. विंडोजवर पेंटर उघडताना टीडीआरचा इशारा आला तर दुर्लक्ष करू नका. विंडोज ग्राफिक्स कार्डला मूळच्या दोन सेकंदांत उत्तर द्यायला लावतं, आणि जड बेक त्याहून लांबला की पेंटर बंद पडतं. रजिस्ट्रीत ही मुदत ६० सेकंद करावी.

प्रकल्पाची फाइल भराभर फुगते. ‘सेव्ह अँड कॉम्पॅक्ट’ अधूनमधून वापरा, आकार लक्षणीय उतरतो. मॉडेल बदललं तर नवी मेश त्याच प्रकल्पात आणताना फटकाऱ्यांच्या जागा राखण्याचा पर्याय चालू ठेवा. यूव्ही हलवल्या तरी हाताने रंगवलेलं बहुतेक जागेवर राहतं.

पैशांचं म्हणाल तर अडोबीकडून महिन्याच्या वर्गणीवर मिळतं, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात वर्षाच्या नावाची आवृत्ती एकदाच पैसे देऊन घेता येत आली आहे. वर्षातून एखाद-दुसरं गेम जॅम (थोड्या वेळात गेम बनवायचा उपक्रम) करणाऱ्याने, पोर्टफोलिओ बनवणाऱ्या विद्यार्थ्याने स्टीमचा मार्ग आधी पाहावा. पुण्या-मुंबईच्या गेम स्टुडिओंमध्ये प्रॉप आर्टिस्टची (गेममधल्या वस्तू बनवणाऱ्याची) नोकरी शोधणाऱ्याला मात्र पेंटर येणं टाळता येणार नाही, ते तिथल्या रोजच्या कामाचं साधन आहे. नुसतं फर्निचर आणि तेही मोजकं करायचं असेल तर ब्लेंडरमध्ये बेक करून तिथेच नोड्सनी रंगवणं शक्य आहे. बारकाईत फार कमी पडत नाही, पण प्रत्येक मास्क हाताने बांधावा लागतो आणि अँकर पॉइंटसारखं काही तयार मिळत नाही.

एक अट खरेदीआधी लक्षात घ्यावी. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. टीममध्ये एकाकडे वर्गणीची ताजी आवृत्ती आणि दुसऱ्याकडे स्टीमची दोन वर्षांपूर्वीची असेल, तर दुसऱ्याने सुरू केलेली फाइल पहिला उघडू शकतो, पण त्याने सेव्ह केली की ती परत जात नाही. तेव्हा सगळ्यांत जुनी आवृत्ती कोणाकडे आहे ते आधी विचारा, आणि मोठा प्रकल्प संपेपर्यंत सगळ्यांनी त्याच आवृत्तीवर राहा.